पॉवर चालली म्हणजे कोड जुळला नव्हे

रिमोट फुटला म्हणून गिऱ्हाईक युनिव्हर्सल रिमोट मागते. आपण सेटचे बटण दाबून ऑटो सर्च लावतो, टीव्ही बंद झाला की सर्च थांबवतो आणि पैसे घेतो. चार दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात. आवाज कमीजास्त होतो, पण एचडीएमआय लागत नाही, मेनू उघडत नाही. मग रिमोट ‘लोकल’ ठरतो. आमच्या मते बहुतेक वेळा दोष आपल्या घाईचा असतो.

ऑटो सर्चमध्ये प्रत्येक कोडचा बहुधा फक्त पॉवरचा सिग्नल सुटतो. एनईसी पद्धत घ्या. 38 किलोहर्ट्झवर आधी 9 मिलिसेकंदांचा ठोका, 4.5 मिलिसेकंद शांतता, मग 32 बिट: पत्ता, तोच उलटा, आज्ञा, तीही उलटी. दोन मॉडेलांचा पत्ता आणि पॉवरची आज्ञा एकच असून सोर्सची आज्ञा निराळी असू शकते. म्हणून सोर्स, मेनू, म्यूट आणि आकडे दाबून पाहिल्याशिवाय कोड पक्का धरू नये. बोट उशिरा पडले तर सर्च पुढे सरकलेला असतो, तेव्हा एकदोन कोड मागे जाऊनही पाहावे.

यादीतल्या ब्रँडवर तर फारच विसंबू नये. व्ही56, व्ही59 यांसारखे युनिव्हर्सल बोर्ड आज किती सेटांत बसलेले आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. सिग्नल ओळखते ते बोर्डातले सॉफ्टवेअर. समोरच्या पट्टीवरचे नाव काहीही असो. नामांकित कंपनीच्या सेटला असा बोर्ड बसला की त्या कंपनीचे सगळे कोड वाया. आधी विचारा, बोर्ड बदललाय का?

जुन्या रिमोटचे एखादे बटण जरी जिवंत असेल, तरी टीएसओपी1738 आणि एक अर्दुइनो एवढ्यावर पत्ता वाचता येतो. फिलिप्सची आरसी-5 पद्धत 36 वर आणि सोनीची 40 वर चालते. हा रिसीव्हर तीही पकडतो, फक्त अंतर कमी ठेवावे लागते. रिमोटमधून प्रकाश निघतो का, हे मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात पाहावे. मागच्या कॅमेऱ्याला अनेकदा फिल्टर असतो. टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक ब्लूटूथच्या रिमोटवर चालणारी असेल, तर इन्फ्रारेड कोड शोधत बसू नये. गिऱ्हाइकाला तसे सरळ सांगावे.

एसीचे गणित वेगळे. तिथे साधारणतः प्रत्येक दाबाबरोबर तापमान, मोड, पंखा अशी सगळी स्थिती एकत्र जाते. कॉम्प्रेसर सुरू व्हायला तीनेक मिनिटे लागू शकतात, त्याची वाट पाहू नका. बीप वाजला की थांबा, मग मोड आणि स्विंग तपासा.

दुकानात एक वही ठेवा: बोर्ड नंबर, रिमोटचे मॉडेल, लागलेला कोड, न चाललेली बटणे. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. त्यातल्या नोंदी आमच्याकडे पाठवल्यात, तर बोर्डनिहाय यादी याच मासिकात छापू. आणि कोड बॅटरीच्या झाकणाच्या आत लिहून द्या. सेल काढले की काही स्वस्त रिमोट तो विसरतात.