व्यवस्थापनाची पदवी : हिशेब कोणी मागायचा?

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या महाविद्यालयात सकाळी सातच्या तासाला जो विद्यार्थी येऊन बसतो, तो पुष्कळदा बदलापूर वा विरारहून पहाटेची गाडी धरून आलेला असतो. घरातले तो पहिलाच पदवीकडे निघालेला असतो. वडील रिक्षा चालवतात किंवा एखाद्या कंत्राटदाराकडे पहारेकरी असतात. आई चार घरची कामे करते. मुलाच्या शुल्काचा पहिला हप्ता पतपेढीच्या कर्जातून भरलेला असतो आणि दुसऱ्याची चिंता घरात रोज बोलली जाते. हा मुलगा व्यवस्थापन शिकतो आहे. ज्या घराला स्वतःच्या महिन्याचा मेळ घालता येत नाही, त्या घरातला मुलगा इतरांच्या भांडवलाचा मेळ कसा घालावा हे शिकतो आहे. या विसंगतीला हसण्यात अर्थ नाही. तिचा विचार केला पाहिजे.

१८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात वाणिज्य शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सिडनेहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९४६ साली त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि पोटासाठी नोकरी करणाऱ्या तरुणांना सकाळच्या वर्गांची सोय उपलब्ध झाली. सकाळचे महाविद्यालय ही श्रमिकाच्या दिनक्रमाशी शिक्षणाने केलेली तडजोड होती, आणि ती उदात्त होती. आजही वर्ग सकाळीच भरतात. परंतु त्यामागचे कारण बहुधा निराळे असते. एकाच इमारतीत अनुदानित, विनाअनुदानित आणि कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग पाळीपाळीने बसवावे लागतात. गिरण्या बंद पडल्या, पाळ्या मात्र शिक्षणात शिल्लक राहिल्या.

व्यवस्थापन अभ्यासाची पदवी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडचे ‘बीएमएस’, या विद्यापीठात १९९९-२००० च्या सुमारास सुरू झाली. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाचे ते अपत्य होते. शासनाने उच्च शिक्षणातील नव्या खर्चातून अंग काढून घ्यावे, संस्थांनी विनाअनुदानित अभ्यासक्रम काढावेत आणि त्यांचा भार पालकांनी उचलावा, असा हा अलिखित करार होता. करार करणाऱ्या तीन पक्षांपैकी पालकाला मात्र कोणी विचारले नव्हते. अनुदानित बी. कॉम.च्या कित्येक पट शुल्क भरून जे मिळाले, त्याचे स्वरूप विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून तपासले पाहिजे.

पहिला अनुभव शिक्षकांचा. यातील पुष्कळसे शिक्षक तासिका तत्त्वावर येतात. एका महाविद्यालयातला तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयातला गाठण्यासाठी ते धावत स्थानकाकडे जातात. विद्यार्थ्याची शंका जिन्यातच राहते. हे शिक्षक आळशी नाहीत. तेही या व्यवस्थेतले रोजंदार आहेत. परीक्षा नाहीत, सुट्टी आहे, तर मानधन नाही, ही त्यांची स्थिती. ज्या वर्गात मनुष्यबळाच्या व्यवस्थापनाचे धडे दिले जातात, त्या वर्गात मनुष्यबळाला कसे वागवू नये याचा नमुना फळ्यासमोरच उभा असतो.

दुसरा अनुभव भाषेचा आणि वेशाचा. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी वर्गात सादरीकरणासाठी उभी राहते तेव्हा तिला विषय येत असतो, वाक्य येत नसते. बोलण्याच्या दिवशी कोट हवा, बूट हवेत, अशी अपेक्षा असते. कोट मैत्रिणीकडून उसना आणता येतो. इंग्रजी उसने आणता येत नाही. अंतर्गत गुणांत ‘आत्मविश्वासा’चे मोल होते तेव्हा प्रत्यक्षात घराण्याचे मोल होत असते, हे शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. तिसरा अनुभव प्रकल्पाचा. अखेरच्या सत्रातील प्रकल्प हा या पदवीचा कळस मानला जातो. ज्याच्या काकांची कचेरी आहे त्याला तेथे बसून काही शिकता येते. ज्याला कोणीच नाही तो स्थानकाबाहेरच्या छपाईच्या दुकानातून तयार प्रकल्प विकत घेतो आणि त्यावर आपले नाव घालतो. याला विद्यार्थ्याची अप्रामाणिकता म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते न्याय्य नाही.

मग हे विद्यार्थी येथे येतातच का? या प्रश्नाचे उत्तर पुरोगामी मंडळींनीही नीट समजून घेतलेले नाही. साध्या बी. कॉम.च्या गर्दीत हरवून जाण्यापेक्षा लहान तुकडी, इंग्रजीचा सराव आणि नोकरीची काही आशा त्यांना येथे दिसते. १९८२ च्या संपात लालबाग-परळच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांची संसारे पणाला लागली. त्या गिरण्यांच्या जमिनींवर आज कचेऱ्यांचे मनोरे आणि झगमगीत बाजार उभे आहेत. ज्या आवारात आजोबा साच्यावर उभे राहिले, तेथेच नातू गळ्यात ओळखपत्र अडकवून बिनपगारी उमेदवारी करतो. त्याला या मनोऱ्यात शिरायचे आहे, आणि दार दाखवणारा दुसरा रस्ता त्याला कोणी दाखवलेला नाही. त्याच्या आकांक्षेची टिंगल करणारा समाजवाद त्याच्या कामाचा नाही.

प्रचंड विद्यापीठात एकेका विद्यार्थ्याचे काय होते, याचा दाखला २०१७ साली मिळाला. पुरेशी तयारी नसताना उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली; ती उलटून गेली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. त्यात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचे हाल विशेष झाले. पुढील प्रवेश हुकले, हाती आलेल्या नोकऱ्या निकालपत्राअभावी अडल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. शासनाच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. ज्यांचे वर्ष गेले त्यांना ते कोणी परत दिले नाही. व्यवस्थापनाची पदवी देणाऱ्या विद्यापीठाला स्वतःच्या परीक्षेचे व्यवस्थापन करता आले नाही, हा विनोद त्या विद्यार्थ्यांना परवडणारा नव्हता.

त्याहून खोल जाणारी घटना २०२४ ची आहे. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. राज्याने त्यांच्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा ठेवली. राज्यात जागा लाखाच्या घरात, आणि पहिल्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून ऑगस्टमध्ये दुसरी परीक्षा घ्यावी लागली. या दरम्यान अनेक महाविद्यालयांनी सोपा मार्ग काढला. बीएमएसचे नाव बदलून ‘बी. कॉम. (व्यवस्थापन अभ्यास)’ असे केले, आणि परिषद व परीक्षा दोन्ही टाळल्या. वर्ग तोच, शिकवणारे तेच, फलक नवा.

महाविद्यालयांची बाजूही ऐकली पाहिजे. नियम ऐनवेळी आले. जागेच्या व सोयींच्या अटी लहान संस्थांना जड होत्या. परीक्षेची वार्ताच गावोगावच्या मुलांपर्यंत पोचली नव्हती. यात तथ्य आहे. परंतु नावाच्या या बदलाची किंमत कोणी मोजली? ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व्यावसायिक असावा आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. अभ्यासक्रमाने ‘व्यावसायिक’ हे बिरूद टाकले, प्रक्रियेतून अंग काढले, की सवलतीचा आधारच सुटतो. प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीला हे कोणी समजावून सांगितले? संस्थेला नियंत्रणातून सुटका मिळाली आणि तिचे मोल त्या मुलीच्या बापाने भरले. शासनही निर्दोष नाही. गरिबी घराला असते, अभ्यासक्रमाच्या नावाला नसते. तेव्हा सवलत अभ्यासक्रमाच्या नावाला बांधण्याऐवजी कुटुंबाच्या उत्पन्नाशीच बांधली गेली पाहिजे.

अखेरचा प्रश्न आशयाचा आहे. या वर्गांत कामगार हा खर्चाच्या रकान्यातला एक आकडा असतो आणि संप ही हाताळायची आपत्ती असते. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभा केला, हा व्यवस्थापनाचाच धडा आहे. त्या चळवळीचा पुढे झालेला ऱ्हास हाही तितकाच महत्त्वाचा धडा आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला परदेशी कंपन्यांच्या यशोगाथा तोंडपाठ होतात, आणि ज्या पतपेढीच्या कर्जावर तो शिकतो तिचा ताळेबंद मात्र त्याला कोणी वाचायला लावत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. जूनमध्ये प्रवेश सुरू होताच प्रत्येक महाविद्यालयाच्या दाराशी उभे राहून चार प्रश्न जाहीरपणे विचारावेत : अभ्यासक्रमाचे अधिकृत नाव काय, त्याला मान्यता कोणाची, त्यात कोणती शुल्कसवलत लागू आहे, आणि शिकवणाऱ्यांपैकी नियमित शिक्षक किती. ही माहिती मराठीत, फलकावर, शुल्क भरण्यापूर्वी लावली गेली पाहिजे. तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या लढ्याशी विद्यार्थ्यांचा लढा जोडला पाहिजे, कारण दोघांची पिळवणूक एकाच हिशेबवहीत लिहिलेली आहे. १९९४ च्या कायद्याने बंद झालेल्या खुल्या विद्यार्थी निवडणुका २०१६ च्या कायद्याने पुन्हा मान्य केल्या. २०१९ साली जाहीर होऊन त्या पुढे ढकलल्या गेल्या. त्या निवडणुकांचा आग्रह सोडता कामा नये. ज्याला प्रतिनिधी नाही त्याच्या तक्रारीला पत्ता नसतो.

पहाटेची गाडी धरून येणारा तो मुलगा तीन वर्षे इतरांच्या जमाखर्चाचा अभ्यास करतो. आपल्या घराने भरलेल्या पैशांचा जमाखर्च मागण्याचे धैर्य त्याच्या अंगी आणणे, हे आजच्या विद्यार्थी चळवळीचे पहिले काम आहे. तो हिशेब एकट्याने मागितला तर मुजोरी ठरते. शंभरांनी मिळून मागितला तर द्यावा लागतो.