टायरची आतली कड

गाळपाचा हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि आपल्या गाड्या कडेच्या खड्ड्यांतून काढाव्या लागतात. तेव्हा पुढचे टायर एकदा नीट पाहा. नुसते उभ्याने नको. स्टिअरिंग पूर्ण वळवून, वाकून आतली कड पाहा. बाहेरून नवाकोरा वाटणारा टायर आतून तारा दिसेपर्यंत झिजलेला असू शकतो, आणि त्याच गाडीत लेकरांना बसवून आपण निकाहासाठी सुरतेला निघतो.

दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. फक्त आतली कड गेली असेल तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेले. तारा दिसत नसतील तर हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाके सरळ रेषेत नाहीत.

स्पोर्ट्स कारचे चाक कंपनीच वरून थोडे आत कललेले ठेवते, वळणावर पकड राहावी म्हणून. तिथे आतली कड जरा लवकर झिजते. पण आपले भाचे-पुतणे साध्या गाडीच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवतात, ती हौस टायरच्या जिवावर येते.

अलाइनमेंटआधी टाय रॉड आणि लोअर आर्मचे बुश तपासायला सांगा. ते ढिले असले तर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. आधीचे व नंतरचे आकडे छापून मागा. नक्षीची खोली कुठेही 1.6 मिलिमीटरवर आली असेल, तर टायर बदलूनच निघा.