पूजा सायकलीची, सेवा चेनची

नवरात्रातल्या नवमीला कुंभकोणमच्या गल्ल्यांतून फिरले, तर घरोघरी न्हाऊनमाखून उभ्या असलेल्या सायकली दिसतात. हँडलला झेंडूची माळ, मडगार्डवर गंधाचे पट्टे, मधोमध कुंकू. तमिळनाडूत या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. आपल्याकडची खंडेनवमी तीच. कुंभकोणम ज्या तंजावर जिल्ह्यात आहे, तिथे पूर्वी भोसले घराण्याचे राज्य होते. त्या काळात गेलेली मराठी घरे अजूनही त्या भागात आहेत, तेव्हा ही पूजा दोन्ही भाषांत होते असे म्हणायला हरकत नाही.

पण पूजेसाठी घासूनपुसून लखलखीत केलेल्या या सायकलीचे चेनकव्हर उघडून पाहिले, तर आत काय दिसते? काळाकुट्ट, चिकट, डांबरासारखा थर. जिच्या जोरावर सायकल चालते, त्या चेनकडेच कोणाचे लक्ष नसते.

हे दुर्लक्ष महागात पडते. तमिळनाडूत 2001 च्या सुमारास अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थिनींना सरकारतर्फे मोफत सायकली देण्यास सुरुवात झाली आणि पुढे ही योजना सरकारी व अनुदानित शाळांतील मुलामुलींपर्यंत पोहोचली. आसपासच्या खेड्यांतून शाळेत येणाऱ्या मुलीसाठी ती सायकल म्हणजेच शाळेची वाट. वर्दळीच्या रस्त्यावर, मागून बस येत असताना, चढावर जोर लावताच चेन निसटली तर? पायडल एकदम मोकळे फिरते आणि तोल जातो. प्रश्न फक्त दुरुस्तीच्या पैशांचा नाही.

चेन झिजते कशी?

साध्या सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच असते. धूळ तेलात मिसळली की तिचा लगदा होतो आणि तो सहाणेसारखे काम करतो. सहाणेवर चंदन झिजते, इथे पोलाद. पिना बारीक होतात, जोडांत फट पडते आणि चेन लांबते. लांबलेली चेन चक्राच्या दातांवर नीट बसत नाही. ती दात खाऊ लागते. मग चेनबरोबर फ्रीव्हील आणि पुढचे चक्रही बदलावे लागते. वेळेवर केलेली सफाई हा खर्च लांबणीवर टाकते.

म्हणून आधी चेन मोजा. पोलादी फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि पुढच्या 24 पिना मोजा. चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर आली, तर चेन उत्तम. एक सोळांश इंच पुढे गेली, तर नव्या चेनची तयारी ठेवा. एक अष्टमांश इंच पुढे गेली, तर सफाईत वेळ घालवू नका, चेन बदला. चक्राचे दात वाकड्या नखांसारखे दिसत असतील, तर तेही बदलायला झाले आहेत.

साहित्य घरातलेच

जुने दोन टूथब्रश, सुती चिंध्या, बांबूची काडी, झाकणाचा जुना डबा, भांडी घासायचा साबण, पेचकस आणि पाव लिटर रॉकेल. रेशनचे रॉकेल आता बहुतेक घरांत येत नाही. ते नसेल, तर रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन चालते. दोन्ही नको असतील, तर गरम पाणी आणि साबण दोन-तीनदा वापरूनही बराच मळ निघतो, फक्त मेहनत जास्त पडते.

कृती

1. काम अंगणात किंवा गच्चीवर करा. सीट व हँडलखाली पोते घालून सायकल उलटी ठेवा आणि चेनकव्हर काढा.

2. आधी कोरडी सफाई. दातांमधला घट्ट मळ काडीने खरवडा. फ्रीव्हील आणि स्पोकांमधल्या फटीतून चिंधीची पट्टी पुढेमागे ओढा.

3. चेनच्या एका कडीवर मासळीच्या आकाराची क्लिप असते. ती पेचकसाने सोडवून वाटीत ठेवा. हरवली तर काम अडते. चेन डब्यात घाला, बुडेल इतके रॉकेल ओता, झाकण लावून हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मग ब्रशने प्रत्येक कडी घासा. क्लिप काढणे जमणार नसेल, तर चेन जागेवरच ठेवून रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासा.

4. आता साबणाच्या गरम पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. आत ओल राहिली, तर गंज चढतो.

5. फ्रीव्हील रॉकेलने नुसते पुसा. त्यावर रॉकेल ओतले, तर आतले वंगण वाहून जाते.

6. चेन चढवताना क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवे. उलटे बसले, तर क्लिप निसटू शकते.

7. प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडा. पायडल उलटे वीस-तीस वेळा फिरवा, थोडा वेळ थांबा आणि बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. तेल जोडांच्या आत हवे. वर राहिलेले तेल धूळच गोळा करते.

8. शेवटी ताण पाहा. चेनच्या मध्यभागी बोटाने वरखाली केल्यावर साधारण अर्धा इंच हालचाल व्हावी. जास्त सैल असेल, तर मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक सरळ मागे ओढा, नट घट्ट करा आणि ब्रेक तपासा.

या चुका नकोत

देवाजवळचे खोबरेल किंवा तिळाचे तेल चेनला घालू नका. ते हवेत चिकट होत जाते. गॅरेजचे वापरलेले ऑइल फुकट मिळते, पण त्यात धातूचे बारीक कण असतात. नवे इंजिन ऑइल किंवा शिलाई मशीनचे तेल घ्या. शिलाईचे तेल पातळ असल्याने ते जरा लवकर लवकर घालावे लागते.

पेट्रोल अजिबात वापरू नका. रॉकेल आणि टर्पेंटाइनही चुलीपासून, उदबत्तीपासून दूर ठेवा. फिरत्या चेनजवळ फडके धरू नका, बोट चक्रात जायला क्षणही लागत नाही. लहान मुलांना तर जवळ बसवूच नका.

वापरलेले रॉकेल गटारात ओतू नका. कुंभकोणमच्या उत्तरेला कावेरी आहे, दक्षिणेला अरसलार. गटारातले पाणी शेवटी नदीतच जाते. रॉकेल बाटलीत बंद करून दोन दिवस ठेवा. वरचे निवळलेले पुढच्या वेळी वापरा. खालचा गाळ लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात टाका.

केव्हा करावे?

कुंभकोणमला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, त्यामुळे आयुधपूजेची सफाई तिथे पावसाआधीची तयारी ठरते. महाराष्ट्रात दसऱ्यापर्यंत पाऊस ओसरलेला असतो, म्हणून आपल्याकडे ती पावसाचा चिखल काढण्यासाठी. नंतर दर महिन्याला पुसून थेंब थेंब तेल दिले आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण धुतली, की पुरते. पावसात भिजून आलेली चेन मात्र त्याच संध्याकाळी पुसा.

पुढच्या खंडेनवमीला झेंडूची माळ आणण्याआधी अर्धी सकाळ चेनसाठी राखून ठेवा. दुसऱ्या दिवशी शाळेला निघालेल्या लेकीच्या सायकलीची करकर ऐकू आली नाही, की पूजा पावली म्हणायची.