पडदा कोणाच्या हाती, पेटी कोणाच्या हाती?

बारामती लोकसभा मतदारसंघाचे मतदान ७ मे २०२४ रोजी पार पडले आणि दौंड, इंदापूर, पुरंदर, भोर, बारामती व खडकवासला या सहा विधानसभा क्षेत्रांतील मतदानयंत्रे पुण्यात कोरेगाव पार्क परिसरातील अन्न महामंडळाच्या गोदामात कुलूपबंद झाली. १३ मे रोजी सकाळी, शेजारच्या शिरूर मतदारसंघात मतदान चालू असतानाच, या गोदामावर नजर ठेवणाऱ्या सीसीटीव्हीचा पडदा सुमारे पंचेचाळीस मिनिटे काळा राहिला. उमेदवार सुप्रिया सुळे यांनी जाहीर तक्रार केली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी खुलासा केला की, विजेच्या कामासाठी पडद्याकडे जाणारी तार काही वेळ काढली होती. कॅमेरे चालूच होते आणि चित्रण सुरक्षित आहे. ४ जूनला मोजणी झाली. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि तक्रार करणारा पक्षच जिंकल्यामुळे तक्रारही मिटली, असे सर्वांनी गृहीत धरले.

वस्तुतः ती मिटली नव्हती. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, दौंडच्या मतदाराचे मत ज्या खोलीत अठ्ठावीस दिवस बंद होते त्या खोलीवरचा पहारा खरा होता की देखाव्याचा, हा प्रश्न निकालाने सुटत नाही. अधिकाऱ्यांचा खुलासा खोटा होता असे म्हणण्यास आधार नाही. उलट, तो तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे संभवनीय आहे. परंतु तो संभवनीय का आहे हे समजून घेतले, तर आपल्या कार्यकर्त्यांनी आजवर चुकीच्या वस्तूवर पहारा दिला हे ध्यानात येते.

स्ट्राँगरूमबाहेर मांडव घालून पक्षांचे प्रतिनिधी पाळीपाळीने बसतात ते पडद्यासमोर. पडद्यावर एकाच वेळी चार, आठ किंवा सोळा चौकटी दिसतात आणि जे दिसते तेच साठवले जात असणार असा समज होतो. प्रत्यक्षात पाहण्याचे साधन व साठवण्याचे साधन ही दोन वेगळी अंगे आहेत. सर्व कॅमेऱ्यांच्या तारा एका पेटीत येतात. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांसाठी तिला डीव्हीआर म्हणतात, संगणकीय जाळ्यावरील कॅमेऱ्यांसाठी एनव्हीआर. चित्रण या पेटीतील हार्ड डिस्कवर उतरते. पडदा हा त्या पेटीला जोडलेला केवळ एक टीव्ही असतो. टीव्हीची तार काढली तरी पेटी आपले काम करीत राहते. तसेच पडदा उजळलेला असतानाही, हार्ड डिस्क बिघडलेली किंवा नोंदणी बंद केलेली असली, तर मांडवातल्या कार्यकर्त्याला सोळाही चौकटी चालू दिसतात आणि साठत मात्र काहीच नाही. काळा पडदा पाहून आपण हाकाटी करतो, ती योग्यच आहे. पण उजळलेल्या पडद्यावर आपण जो विश्वास टाकतो, त्याला आधार कोणता?

दुसरी गोष्ट जागेची. कॅमेरा दर सेकंदाला वीस लाख बिट एवढी माहिती पाठवतो असे धरले (साधारण प्रतीच्या कॅमेऱ्याला हे प्रमाण लागू पडते), तर एका कॅमेऱ्याचे दिवसाचे चित्रण सुमारे साडेएकवीस गिगाबाइट भरते. सोळा कॅमेऱ्यांचे होते सुमारे साडेतीनशे. बाजारात सर्रास मिळणारी चार टेराबाइटची डिस्क या हिशेबाने बाराव्या दिवशी भरते. आणि भरल्यावर पेटी थांबत नाही. ती सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहू लागते. ही काही लबाडी नव्हे, यंत्राची नेहमीची मांडणीच तशी असते. अठ्ठावीस दिवसांसाठी जवळजवळ दहा टेराबाइट जागा लागेल. ती होती की नव्हती, हे आजवर कोणत्या उमेदवाराने लेखी विचारले?

हा प्रश्न पुढे अधिक टोकदार झाला. नगरपरिषदांच्या निवडणुकांत शिरूर आणि दौंड या दोन्ही नगरपरिषदा होत्या. २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले आणि मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. काही ठिकाणचे मतदान लांबल्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वत्र मोजणी २१ डिसेंबरला करण्याचा आदेश दिला. एका रात्रीसाठी केलेली पहाऱ्याची व्यवस्था एकोणीस दिवस चालवावी लागली. ठिकठिकाणी कार्यकर्त्यांनी थंडीत जागरण केले, त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण वरचाच हिशेब लावला तर एकोणीस दिवसांना साडेसहा टेराबाइटहून अधिक जागा हवी. एका रात्रीच्या बेताने बसवलेल्या पेटीत ती असेलच असे कसे मानावे?

आता कायद्याकडे पाहू. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात हरियाणातील मतदानकेंद्रांचे चित्रण अर्जदाराला देण्याचा आदेश दिला. पंधरवडा उलटण्यापूर्वी, २० डिसेंबरला, केंद्र सरकारने निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून निवडणूक संचालन नियमांतील त्र्याण्णवावा नियम बदलला आणि असे चित्रण जनतेला पाहण्यास खुल्या असलेल्या कागदपत्रांतून वगळले. ३० मे २०२५ च्या पत्राने आयोगाने कळवले की, निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत निवडणूक याचिका दाखल झाली नाही तर चित्रण नष्ट करावे. याचिकेची मुदतही पंचेचाळीस दिवसांचीच. म्हणजे याचिका करायची तर पुरावा हवा, पुरावा पाहायचा तर न्यायालयाचा आदेश हवा, आणि आदेशासाठी आधी याचिका हवी. नोकरशाहीने असे वर्तुळ आखावे यात नवल नाही. समाजवाद्यांना मात्र ते ओळखीचे वाटले पाहिजे. रायबरेलीच्या निवडणुकीविरुद्ध राजनारायण यांनी याचिका केली तेव्हा सरकारने पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या बंदोबस्ताची नियमपुस्तिका गोपनीय म्हणून रोखून धरली होती. त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७५ मध्ये विशेषाधिकाराचा मुद्दा फेरविचारासाठी परत पाठवला. पण लोकांचे सेवक लोकांच्या नावाने जे करतात ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे, हे तत्त्व त्याच निकालात नोंदले गेले. पुढे माहिती अधिकाराची चळवळ ज्या पायावर उभी राहिली, तो एका समाजवादी उमेदवाराच्या याचिकेतून निघाला आहे.

आयोगाचे दोन आक्षेप आहेत. पहिला मतदारांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, खाजगीपणाचा. तो झटकून टाकण्यासारखा नाही. गावातला बडा असामी केंद्राचे चित्रण पाहून वस्तीतले कोण आले आणि कोण आले नाही याची यादी करील, ही भीती ज्यांनी खेड्यात काम केले आहे त्यांना खोटी वाटणार नाही. म्हणून केंद्रातील चित्रण सरसकट वाटू नये, न्यायालयीन देखरेखीखाली पाहू द्यावे, हे मान्य करता येईल. पण स्ट्राँगरूमच्या चित्रणात कोणत्या मतदाराचा चेहरा असतो? तेथे कुलूप, लाखेची मोहोर आणि पहारेकरी एवढेच दिसतात. दुसरा आक्षेप वेळेचा. एक लाख केंद्रांचे चित्रण पाहण्यास एक लाख दिवस, म्हणजे २७३ वर्षे लागतील, असा हिशेब ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाच्या बाजूने मांडला गेला. गुणाकार बरोबर आहे, युक्तिवाद नाही. या पेटीचा सारा उपयोगच असा की हवा तो कॅमेरा आणि हवी ती वेळ निवडून तेवढेच पाहता येते. १३ मे २०२४ ची पंचेचाळीस मिनिटे पाहण्यास पंचेचाळीस मिनिटे लागतात.

पाहणारा एक, पाहिला जाणारा दुसरा आणि पेटीची किल्ली पाहणाऱ्याकडेच, ही रचना निवडणुकीपुरती नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या पेटीत कामगार दिसतो, पण ती पेटी कामगाराला दिसत नाही. सर्वांत गंभीर स्थळ पोलीस कोठडीचे. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत रात्रीही दिसेल व आवाजही टिपला जाईल असे कॅमेरे असावेत आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसल्यास निदान एक वर्ष, जपावे. कोठडीत इजा वा मृत्यू झाल्यास मानवी हक्क आयोगाला ते चित्रण मागवता येते. पाच वर्षे होत आली तरी देशातील ठाण्यांत कॅमेरे बंद असल्याची दखल न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये आपणहून घ्यावी लागली. सोळा कॅमेऱ्यांच्या ठाण्याला अठरा महिन्यांसाठी वरच्या हिशेबाने सुमारे १९० टेराबाइट जागा लागते. चार टेराबाइटची पेटी भिंतीवर टांगून हा आदेश पाळता येत नाही.

पुढच्या निवडणुकीत कुलूप लावताना पंचनाम्यात उमेदवारांच्या प्रतिनिधींनी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: डिस्कची क्षमता, कॅमेऱ्यांची संख्या, पेटीचे घड्याळ बरोबर लावले आहे की नाही, आणि तिच्या खोलीची किल्ली कोणाजवळ आहे. पेटी ठेवलेल्या खोलीलाही मोहोर लावण्याचा आग्रह धरावा. रोज एकदा आदल्या दिवसाच्या कोणत्याही तासाचे चित्रण काढून दाखवण्याची मागणी करावी; पडद्यासमोर बारा तास बसण्यापेक्षा या दहा मिनिटांत अधिक कळेल. ठाण्यांबाबत तर निवडणुकीची वाट पाहण्याचेही कारण नाही. २०२० च्या आदेशानुसार जिल्हा देखरेख समितीत जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या प्रमुखालाही जागा आहे. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड व यवत या ठाण्यांतील पेट्यांत आज सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे आहे, एवढा एकच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात विचारावा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.