निष्काळजी कोण?

बांधकामावर फरशी कापताना कामगाराची बोटे तुटली की ठेकेदाराचा खुलासा ठरलेला असतो : यंत्रावरचे संरक्षक कवच त्याने स्वतःच काढले होते. हा खुलासा पुष्कळदा खरा असतो, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. तिच्यापासून हाताचा बचाव करते ते एवढे लोखंडी कवचच. परंतु कवच असले की काप खोल जात नाही आणि वेळ मोडतो. कामगार रोजावर असता, तर या विलंबाचा भार मालकावर पडला असता. काम चौरस फुटाच्या दराने अंगावर दिलेले असल्यामुळे तो कामगाराच्या पोटावर पडतो. लाकडासाठी वेगळे करवतयंत्र आणण्याचा खर्च नको, म्हणून ग्राइंडरलाच दातेरी पाते बसवले जाते. ते लाकडात अडकले की यंत्र उसळते आणि हातावर येते.

कायदा येथे कोणाच्या बाजूने उभा राहतो? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात असा अपवाद होता की, कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढले असेल, तर मृत्यू वा कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता मालकाची जबाबदारी उरत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो कायदा विलीन झाला, तरी हा अपवाद टिकून राहिला. अंगठा तुटणे हे कायद्याच्या लेखी अंशतः अपंगत्व; १९२३ च्या परिशिष्टाने त्याची किंमत अर्जनक्षमतेच्या ३० टक्के ठरवली होती. ज्या गवंड्याला थापी धरता येत नाही, त्याने उरलेले ७० टक्के कोणत्या नाक्यावर विकावेत? आणि कवच काढल्याचा ठपका बसला, तर हे ३० टक्केही बुडतात.

कवच काढणारा हात कामगाराचा असतो. ते काढायला लावणारा दर मात्र दुसऱ्यानेच ठरवलेला असतो. म्हणून जेथे काम अंगावर दिले आहे, तेथे हा अपवाद लागू होता कामा नये. फरशीच्या आणि लाकडाच्या कापाईला रोजाचा दर मिळाला पाहिजे, आणि बिनकवचाचे यंत्र कामावर सापडल्यास मालकाला जबाबदार धरले पाहिजे. बांधकाम कामगारांच्या संघटनांनी ही मागणी आता ऐरणीवर आणावी. तोपर्यंत सावधगिरीचे फलक लावणे म्हणजे तुटलेल्या बोटांचा दोष त्या बोटांनाच देणे होय.