देवगांडुळाला काठी नको

कोकणात पावसाच्या तोंडावर शेणखताचा ढीग हलवताना एखादं गडद, तुळतुळीत, वळवळणारं जनावर दिसलं की पहिली हाक काठीसाठी जाते. साप समजून मारलेलं ते जनावर कित्येकदा देवगांडूळ असतं. त्याच्यापासून माणसाला काहीही धोका नाही.

ते बेडकाच्या नात्यातलं, बिनपायांचं उभयचर आहे. डोळे कातडीखाली झाकलेले. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक इवलीशी मिशी असते, तिच्यावरच त्याचा अंधारातला सगळा कारभार चालतो. कवटी इतकी भक्कम, की डोक्यानेच माती रेटत ते गांडुळं आणि वाळवी शोधतं.

मला सर्वांत थक्क करतं ते त्यांचं आईपण. घाटातल्या इक्थिओफिस गटातली मादी ओढ्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यांना वेटोळं घालून राखण करते. पिल्लं पाण्यात उतरतात, मोठी होऊन पुन्हा मातीत येतात. कोकणातली ‘गेगेनिओफिस शेषाचारी’ ही जात तर थेट पिल्लांनाच जन्म देते. आशियातल्या उभयचरांत असं पहिल्यांदा कळलं ते २००८ साली! केनियातल्या एका जातीची पिल्लं आईच्या कातडीचा पौष्टिक वरचा थर दातांनी खरवडून खातात, आणि आई तो पुन्हा तयार करते.

आंबोलीतली ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ २००३ साली विज्ञानाला कळली, तर कोयनेजवळच्या हुंबर्ली गावातली ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’ २००४ साली. म्हणजे आपल्या पायाखालचे हे शेजारी आपल्याला कालपरवा ठाऊक झाले. ते फक्त राखीव जंगलात राहत नाहीत. बांधाखाली, बागेतल्या दगडाखाली, पऱ्ह्याच्या काठालाही राहतात. त्यामुळे अभयारण्याची हद्द आखून त्यांचं रक्षण होत नाही. पऱ्ह्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत घातली, की अंड्यांची माती आणि पिल्लांचं पाणी यांची ताटातूट होते. ओल्या, नाजूक कातडीच्या या जिवाच्या मातीत तणनाशक ओतणंही मला धोक्याचंच वाटतं.

जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यांत झाडं, पक्षी येतात. देवगांडूळही आलं पाहिजे. ओढ्याच्या कामाला मंजुरी देण्याआधी ग्रामपंचायतीने ती वही उघडावी, आणि काठाची माती निदान एका बाजूला तरी मोकळी ठेवावी.