तोफा थांबल्यावरची वाट

दुसऱ्या महायुद्धात २ मे १९४५ रोजी इटलीतल्या तोफा थांबल्या. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी, ९ एप्रिलला, सेनिओ नदीकाठी नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून एकेक करून बाहेर काढलं होतं, शत्रूच्या मशिनगन गप्प केल्या होत्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याची नोंद इतिहासाने घेतली. पण युद्धानंतरच्या थांबण्याची नोंद कोण घेणार?

युद्ध संपलं म्हणजे लगेच घर दिसत नाही. जहाजं कमी आणि परतणारे लाखो. भारतीय सेनाच तेव्हा सुमारे पंचवीस लाखांची होती. रजा आणि सुटका नंबराने मिळायची. तोवर तंबूत दिवस मोजायचे. सेन्सॉरच्या नजरेखालून जाणाऱ्या पत्रात पेरणी झाली का, बैल कसा आहे, एवढंच विचारायचं. इकडे आई पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकून उंबऱ्यात यायची.

काहींची वाट कधीच संपली नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच धारातीर्थी पडले. त्यांची कबर सापडत नाही, नाव तिथल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

हा अंक त्या वाट पाहण्याला अर्पण. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं एखादं पत्र असेल, तर ते आजच बाहेर काढा. घरातल्या लहानांना मोठ्याने वाचून दाखवा.